शिट्टी होईपर्यंत चांगलं म्हणायचं न्हाई

हिरामण गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसलो होतो. मुलानं तळेगावात फ्लॅट घेतल्यापासून दर महिन्याला हे भोग आहेत. त्या दिवशीचा विषय होता, पार्किंगमध्ये पोरांनी बॉल खेळावा की खेळू नये. एक गृहस्थ, अंगात कुठल्याशा परदेशी क्लबची लाल जर्सी, पाठीवर भलत्याच माणसाचं नाव, तावातावानं सांगत होते की बॉलमुळे त्यांच्या गाडीच्या आरशाला ओरखडा पडलाय आणि खेळायची एवढी हौस असेल तर पोरांनी टर्फ भाड्यानं घ्यावं. मी त्यांच्या पाठीवरचं नाव वाचत बसलो होतो. मनात म्हणत होतो, हिरामण इथं असता तर... आणि खिशात फोन थरथरला. हिरामणची मुलगी, सुमन. "काका, आबा गेले. सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसले, ते बसलेच." मी उठून बाहेर आलो. आत बॉलबंदीचा ठराव मंजूर झाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हिरामण लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याचा. एसटीत ड्रायव्हर, आणि मी त्याच्या गाडीवर कंडक्टर. वरचेवर आमची जोडी फुटायची आणि फिरून आम्हीच एकत्र यायचो, कारण त्याच्याबरोबर ड्यूटी करायला दुसरं कुणी राजी नसायचं. हा माणूस स्टिअरिंगवर बसला की काचेतून दिसेल त्याचा उद्धार सुरू. समोरचा रिक्षावाला, बाजूचा टेम्पो, रस्त्याच्या कडेला उभं राहून मक्याचं कणीस खाणारा पर्यटक, कुणाची सुटका नाही. शिवीगाळ नव्हती ती, म्हणजे आईबहिणीवरून तो कधी गेला नाही. पण एकेकाची अशी लायकी काढायचा की पुढच्या बाकावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. "सदा," मला म्हणायचा, "ह्या मानसाला बग. गाडी चालवतोय का वरात काढलीय?" मीही काही कमी नव्हतो. सुट्टे पैसे न देणाऱ्यांना मी मागे झोडपायचो, तो पुढून झोडपायचा. आमच्या गाडीतून प्रवास करणारी माणसं फार सहनशील होती, एवढंच म्हणतो.

तर, त्या दिवशी मुलानं गाडी काढली. म्हणाला, "बाबा, एक्स्प्रेसवेनं जाऊ, पटकन पोचू." हिरामणला हा रस्ता डोळ्यासमोर नको असायचा. "ह्या रस्त्याला थांबा न्हाई, घंटी न्हाई, आडवं यायला कुत्रंबी न्हाई. नळातनं पाणी जातं तशी मानसं जात्यात. ह्याला काय परवास म्हनायचा?" उर्सेचा टोल ओलांडला आणि मला पोराला सांगावंसं वाटलं की इथं डावीउजवीकडे गावं आहेत, त्या गावांतली माणसं आमच्या गाडीला हात करायची, कुणाची सून कधी माहेरी चालली ते आम्हाला तिच्या सासूच्या आधी कळायचं. पण पोरगा फोनमधल्या बाईचं ऐकत होता. ती बाई म्हणाली डावीकडे, हा डावीकडे. लोणावळ्याच्या तोंडाशी आलो आणि पटकन पोचणं तिथंच संपलं. रविवार होता. मुंबई-पुण्याची समस्त रिकामटेकडी प्रजा हवा खायला आली होती. गाड्यांच्या खिडक्यांतून बाहेर काढलेले पाय, टपावरच्या खिडकीतून वर आलेली पोरं, कानठळ्या बसवणारी गाणी, आणि रस्त्यावर चिप्सच्या पुड्यांचा सडा. ज्या हवेसाठी आले तीच गाड्या चालू ठेवून काळी करून जातात, वर म्हणतात लोणावळा आता पूर्वीसारखं राहिलं नाही. राहील कसं, तुम्ही आलात ना.

पोचलो तेव्हा तिरडी उचलून झाली होती. मी धावत जाऊन खांदा दिला. गावाच्या वळणावर एक मोठी पांढरी गाडी आमच्या शेजारी येऊन थांबली. काळा चष्मा लावलेल्या एका पोरानं काच खाली केली आणि तिरडी खांद्यावर असलेल्या माणसाला विचारलं, "भैया, पॉइंट किधर से है?" आणि खोटं सांगत नाही, मी सवयीनं तिरडीकडे बघितलं. कारण नागफणीच्या कड्याचा रस्ता विचारणाऱ्यांना उत्तर देणं हे रिटायर झाल्यापासून हिरामणचं काम. चावडीपाशी बसलेला असायचा आणि प्रत्येकाला शांतपणे सांगायचा, "सरळ जावा. रस्ता संपला तरी थांबू नका." ते "थँक्यू अंकल" म्हणून पुढं जायचे.

आता त्याच्या फुटबॉलचं सांगतो, कारण त्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. गावाच्या वरच्या अंगाला एक माळ आहे. भात झोडून झाला की गावातली पोरं तिथं बांबूचे गोल रोवतात आणि पाऊस येईपर्यंत खेळतात. आसपासच्या गावांचे संघ येतात, लोणावळ्यातून येतात, कधी तळेगावातून. हिरामण स्वतः फारसा खेळला नाही. मला विचाराल तर त्याला खेळता येतच नव्हतं. पण बघायला तो एकही सामना सोडायचा नाही. संघ बाहेरगावी गेला तर टेम्पोच्या हौद्यात पोरांबरोबर उभा राहून जायचा. मला कितीतरी दिवस कळेना की ह्या माणसाला फुटबॉलचा एवढा राग आहे तर जातो कशाला. कारण सामन्याहून परत आला की आठवडाभर गाडीत तेच. आपल्या संघातला अमका कसा ढेकूळ आहे, तमक्याला बॉल आणि भोपळा यांतला फरक कसा कळत नाही. एका रविवारी त्यानं मलाच ओढून नेलं.

ती गंमत सांगायलाच हवी. माळाच्या एका बाजूला गावातली सगळी वडीलधारी मंडळी ओळीनं उभी. सामना सुरू झाला आणि त्या ओळीतून जे काही सुटलं... "अरं खुळ्या, पाय हायत का बांबू?" "घरी जा, शेन काढ." "तुझ्यापरीस तुझी म्हस पळंल." मला वाटलं ही समोरच्या संघाला दटावणी चाललीय. तर नाही, हे स्वतःच्याच पोरांना. समोरच्यांना कुणी ब्र काढत नव्हतं. एवढ्यात कुरवंड्याच्या एका पोरानं तिघांना चकवून बॉल असा काही पुढं काढला की मी आपला भाबडेपणानं मोठ्यांदा म्हणालो, "वा, काय सुंदर खेळतोय हा." ओळ एकदम गप्प झाली. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आणि पुढच्याच क्षणाला त्या सुंदर खेळणाऱ्याचा पाय ढेकळात मुरगळला, तो तोंडावर आपटला, आणि त्याला उचलून बाहेर आणावं लागलं. हिरामणनं दोन्ही हातांनी कपाळ धरलं. शेजारचे एक आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, "पावनं, उभ्या भाताला कुनी चांगलं म्हनतं का?"

तेव्हा मला उलगडा झाला. मावळात भात शेतात उभा असेपर्यंत त्याला कुणी चांगलं म्हणत नाही. लोंबी कंबरेएवढी येऊ दे, वासानं शिवार भरून जाऊ दे, विचारलं तर शेतकरी म्हणणार, "कशाचं काय, निम्मा पळंज गेलाय." म्हणजे दाणाच भरला नाही. झोडून, वारवून, कणगीत पडला की मग म्हणायचं काय ते. मधेच चांगलं म्हटलं की नजर लागते. तोच नियम ह्यांनी बॉलला लावला होता. शेवटची शिट्टी होईपर्यंत आपल्या पोराला चांगलं म्हणायचं नाही. ज्याच्यावर जास्त जीव, त्याला जास्त शिव्या. माझ्या हातून जे पाप घडलं होतं त्याचं प्रायश्चित्त हिरामणनं तिथल्या तिथं दिलं. मला म्हणाला, "सदा, जा. पल्याडल्या गोलमागं उभा ऱ्हा आन् त्यांच्या गोलकीपरला चांगलं म्हन." मी गेलो, आणि सांगितल्याप्रमाणं त्या पोराची तोंडभरून स्तुती केली. भला पोरगा होता, मला "थँक्यू काका" म्हणाला, आणि थोड्याच वेळात त्याच्या दोन पायांमधून बॉल आत गेला. ओळीतली मंडळी माझ्याकडे बघून माना डोलवत होती. पुढं कितीतरी वर्षं, सामना अटीतटीचा झाला की मला तिकडं पाठवायचे.

आमच्या पोराला हे सांगितलं तर तो म्हणतो, बाबा, ही अंधश्रद्धा आहे. असेल. पण पोरगा स्वतः टीव्हीपुढं त्याची ती ठरलेली जर्सी घातल्याशिवाय बसत नाही, न धुतलेली. एकदा हिरामण घरी आला होता. पोरगा त्याला उत्साहानं सांगायला लागला, काल आम्ही जिंकलो. हिरामण म्हणाला, "आमी म्हंजी?" पोरानं क्लबचं नाव सांगितलं. हिरामणनं विचारलं, "तू कदी गेलतास तितं?" नाही. "त्यातलं कुनी कदी आलतं हितं?" नाही. "तू हरलास तर त्यांना कळतं का?" पोरगा हसला, म्हणाला, तसं नसतं काका, आपण फॅन असतो. हिरामणनं वर छताकडे बघितलं आणि म्हणाला, "फॅन व्हय. मंग बरोबर हाय. लटकून फिरायचं, दुसऱ्याचा घाम पुसायचा." चहा पिऊन निघून गेला.

त्याच पोरानं त्याला एकदा टर्फ दाखवायला नेलं. प्लास्टिकचं गवत, चहूबाजूंनी जाळी, वरून दिवे, आणि आत ऑफिसातून सुटलेले, पोटं सुटलेले इंजिनीयर तासाच्या हिशेबानं धावताहेत. हिरामण जाळीला नाक लावून बघत राहिला. मला वाटलं आता काहीतरी जळजळीत बोलणार. तो फक्त म्हणाला, "सदा, बगायला जागाच न्हाई केलेली." खरंच नव्हती. खेळायचं भाडं भरलेली माणसं आत, आणि बाहेर गाड्या लावायची सोय. कुणी उभं राहून बघावं असं त्या बांधणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. खेळाडू सगळेच, प्रेक्षक मोबाईल. एखाद्यानं गोल केला की तोच पळत जाऊन फोनमध्ये बघायचा, कसा झाला ते. हिरामण त्यानंतर बराच वेळ गप्प होता, आणि तो गप्प झाला की मला काळजी वाटायची.

पण ह्या सगळ्या शिव्यांमध्ये एक माणूस भाजून निघालं, ते म्हणजे सुमन. हिरामणला एकच अपत्य, आणि ती पोरगी जन्माला आली तीच बॉलमागं पळत. गावच्या पोरांत एकटी मुलगी. हिरामणच्या ओळीतल्या सगळ्या शिव्यांत मोठा वाटा तिचा असायचा. "ह्या म्हशीला कुनी आत सोडली?" हे तर नेहमीचंच. एकदा तळेगावात शाळांचे सामने होते, आम्ही ड्यूटी संपवून खाकीतच गेलो. सुमननं एकटीनं बॉल नेऊन गोल केला, तोही असा की समोरच्या शाळेच्या बाईंनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. तो सामना त्यांनी जिंकला. शेवटची शिट्टी झाली. आता तरी हा बाबा तोंड उघडेल म्हणून मी त्याच्याकडे बघत होतो. सुमन घामानं निथळत, हसत आली आणि बापापुढं उभी राहिली. हिरामण म्हणाला, "दुसरा कुटाय?" ती परतीच्या गाडीत इंजिनशेजारच्या सीटवर बसली होती आणि लोणावळा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मी नंतर हिरामणला झापलं. म्हटलं, शिट्टी झाली होती की रे, आता काय म्हणायला हरकत होती? म्हणाला, "त्या सामन्याची झाली. तिची कुटं झालीया? उभं पीक हाय ते, सदा."

आता ह्याला काय म्हणावं. हट्टी, अडमुठा, आपल्याच नियमाचा गुलाम. मी तोंडावर म्हटलंय त्याला. सुमन मोठी झाली, खेळाची शिक्षिका झाली, लोणावळ्यातल्या एका शाळेत लागली, प्रशिक्षणाचा कोर्स करून आली आणि गावातल्या न् वाड्यावस्त्यांवरच्या मुलींचा संघ काढला. त्याच माळावर. पहिल्याच दिवशी तिनं ओळीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना स्पष्ट सांगितलं की माझ्या मुलींना शिव्या चालणार नाहीत. बोलायचं तर चांगलं बोला, नाहीतर घरी बसा. म्हातारे बिचारे "शाब्बास" म्हणायला शिकले, म्हणजे बायकोनं दटावल्यावर म्हणतात तसं. दुसऱ्या सामन्यापासून हिरामण ओळ सोडून लांब, कोपऱ्यावरच्या करवंदीच्या जाळीपाशी उभा राहायला लागला आणि तिथून, एकट्यानं, पूर्ण आवाजात सगळ्या शिव्या घालू लागला. सुमन संतापली. घरी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. तिनं मला मुद्दाम बोलावून सांगितलं, "काका, त्यांना समजवा. मुलींचे आईबाप काय म्हणतील? आणि मला विचारायचंय त्यांना, की एवढ्या वर्षांत एकदा, फक्त एकदा चांगलं म्हटलं असतं तर काय झालं असतं हो? मी काय मरणार होते?" ती रडत होती. तेहतीस-चौतीस वर्षांची बाई, नवरा-पोरं असलेली, आणि बापाच्या एका शब्दासाठी ओंजळ पुढं करून बसलेली. मला हिरामणचा भयंकर राग आला.

गेल्या पावसाळ्यात त्याचं दुखणं सुरू झालं. छातीत पाणी भरायचं. दिवाळीनंतर तळेगावातल्या दवाखान्यात ठेवला होता, तेव्हा मी रोज जाऊन बसायचो. तिथंही त्याचं तोंड चालूच. डॉक्टर कसा मोबाईलकडे बघत नाडी धरतो, पेपर वाचायला मागितला तर कशी बातम्यांपेक्षा फ्लॅटच्या जाहिराती जास्त, शेजारच्या खाटेवरचा कसा दिवसभर क्रिकेट लावतो. "जेवायला सुट्टी असनाऱ्याला खेळ म्हनू नगं सदा, ती नोकरी झाली." हे ऐकलं की मी निश्चिंत घरी जायचो. एका दुपारी सुमन आली होती. मी चहाला खाली गेलो आणि वर आलो तर ही बाहेर जिन्यात, भिंतीला टेकून उभी. चेहरा पांढराफटक. म्हटलं, काय झालं? मला वाटलं गेला. ती म्हणाली, "काका, आबा मला चांगलं म्हणाले."

तिनं सांगितलं. तिचा हात धरून म्हणाला म्हणे, की पोरींना तू चांगलं शिकवतीस. तू खेळायचीसबी चांगली. मी सगळं बगितलंय. एवढं म्हणून डोळे मिटून पडला. जन्मभर जो शब्द मागितला तो मिळाला, आणि सुमन जिन्यात उभी राहून मला विचारत होती, "काका, ते असं का म्हणाले? त्यांनी असं का म्हणावं?" तिला उत्तर माहीत होतं, मलाही होतं. त्या गावात वाढलेल्या कुणालाही माहीत असतं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेणार, तेवढ्यात तिनं डोळे पुसले आणि सरळ आत गेली. मी मागोमाग. खाटेजवळ उभी राहून, शाळेतली, कोर्स केलेली, शिव्यांवर बंदी घालणारी ही बाई आपल्या बापावर खेकसली, "आबा, मला चांगलं म्हनू नका. शिट्टी झाली न्हाई अजून. आदी ते मागं घ्या." हिरामणनं डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. आणि म्हणाला, "तुज्या पोरींना थ्रो टाकता येत न्हाई. भीक मागितल्यागत हात वर करत्यात." सुमन म्हणाली, "आणि?" "आन् ती गोलकीपर. उभी हाय का लावलीय?" नर्स धावत आली, पेशंटला बोलू देऊ नका म्हणाली. सुमन हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

त्यानंतर तो घरी आला, बरा वाटला, अंगणात खुर्ची टाकून बसायला लागला. संक्रांत पाहिली. मग तो रविवार.

दहाव्याच्या आधीच चौकात फ्लेक्स लागला. हिरामणचा फोटो लहान आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे मोठे, त्यात दोघेजण हात जोडून हसत होते. मग शोकसभा झाली. डोंगरावर बंगल्यांची स्कीम करणारा एक माणूस, ज्याच्या गाड्या रविवारी त्याच माळावर लागतात आणि ज्याला हिरामणनं एकदा सगळ्यांसमक्ष 'पार्किंगचा पाटील' म्हटलं होतं, तो माइकसमोर उभा राहून सांगत होता की हिरामणभाऊ हे खेळाडूंना सदैव प्रोत्साहन देणारे, मृदुभाषी, प्रेमळ व्यक्तिमत्त्व होते. मृदुभाषी. मला तिथंच उठून त्याची गचांडी धरावीशी वाटली. पुढं आणखी चौघे बोलले, चौघांनीही कुठल्यातरी दुसऱ्याच मयताचं भाषण म्हटलं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणालो. एवढ्या चांगल्या शब्दांखाली दडपून गेला होता तो, आणि मला त्याचा आवाजच आठवेना झाला. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली की हा माणूस खरंच संपला.

पंधरवड्यापूर्वी सुमनच्या मुलींचा सामना होता, माळावर. तळेगावच्या एका इंग्रजी शाळेचा संघ आला होता, एसी बसमधून. त्या मुलींचे आईबाप घडीच्या खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या आणि फोन घेऊन आले होते. मी करवंदीच्या जाळीपाशी जाऊन उभा राहिलो. दुसरीकडे कुठं उभं राहवेना. सामना सुरू झाला. तिकडच्या खुर्च्यांतून "गुड ट्राय, बेटा", "नाइस वन, बेटा". बॉल बाहेर गेला तरी नाइस, आत आला तरी नाइस. आमची म्हातारी ओळ हिरामण गेल्यामुळं आणखीच मवाळ झालेली, हात मागं बांधून उभी. आणि सुमनच्या मुली कुणीतरी मैदानात विसरून गेल्यासारख्या इकडून तिकडे हिंडत होत्या. अर्धा वेळ झाला तेव्हा आमच्यावर दोन गोल बसले होते.

सुमन लांबून चालत माझ्यापाशी आली. म्हणाली, "काका, तुम्ही गप्प का?"

म्हटलं, तूच बंदी घातलीस ना.

ती म्हणाली, "पोरी विचारतायत, मॅडम, आज आमच्याकडं कुणी बघत नाही का?" तिनं मुलींकडे बघितलं. "मी शाब्बास म्हणते, पण ते मी सगळ्यांनाच म्हणते. आबा इथून एकेकीला नाव घेऊन बोलायचे. कोण कुठं चुकली, सगळं. द्या की शिव्या, काका."

"मला तुझ्या बापासारखं जमत नाही गं."

"जमतील तशा द्या."

दुसरा हाफ सुरू झाला. आयुष्यभर माणसांना झापलं, पण तिकिटावरून. मग बघितलं, कोमल नावाची आमची बचावातली थोराड पोरगी आपल्याच गोलच्या तोंडाशी अशी उभी की मागच्या गोलकीपरला काही दिसेना. आणि माझ्या तोंडून आपसूक, गाडीतल्या आवाजात सुटलं, "ए कोमल, दारात उभी राहू नको. पुढं सरक, पुढं लय जागा आहे. झोपायचं तिकीट काढलंयस का?" पोरगी दचकली. वळून जाळीकडे बघितलं. आणि तिच्या तोंडावर असं काही हसू आलं, की ती पळत सुटली ती थेट मधल्या रेषेपर्यंत. मग मी थांबलो नाही. बॉल धरून ठेवणारीला विचारलं, काय गं, घरी न्यायचाय का? उगाच मागं मागं येणारीला सांगितलं, ही गाडी परतीची नाही. ओळीतले म्हातारे एकेक करून सुटले. माळावर पूर्वीसारखा गोंगाट सुरू झाला. पल्याडच्या खुर्च्यांतून एक बाई उठून आल्या आणि मला म्हणाल्या, अंकल, मुलींशी असं बोलतात का? मी त्यांना म्हटलं, बाई, बाजूला व्हा, दिसत नाही.

एक गोल आम्ही फेडला. सामना हरलोच. शिट्टी झाल्यावर सुमन मुलींना गोळा करून काहीतरी सांगत होती. मी घसा चोळत जाळीपाशीच उभा होतो. तिनं मान वर केली आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्यावर ओरडली, "काका, त्या कोपऱ्यात काय शोभेला उभे आहात? निम्म्या शिव्या तर ऐकूच आल्या नाहीत. पुढच्या रविवारी पोटातनं काढा, नाहीतर घरी बसून मीटिंगा करा."

मुली खिदळल्या. हिरामण गेल्यापासून मी रडलो नव्हतो. खांदा देतानाही नाही, दहाव्यालाही नाही. त्या दिवशी तिथंच ढेकळावर बसलो आणि पोटभर रडलो.